चेपॉक–तिरुवल्लिक्केणी : एका मतदारसंघाचे नाव आणि त्याचे प्रतिनिधित्व

‘प्रतिनिधित्व’ ही संज्ञा आपल्या अभ्यासक्षेत्रात बरीच सैलपणे वापरली जाते. साहित्यकृती एखाद्या परिसराचे चित्रण करते. विधानसभेचा सदस्य त्या परिसराच्या वतीने बोलतो. या दोन भिन्न व्यापारांना एकच नाव दिले की त्यांच्यातील अंतर नजरेआड होते. चेन्नईतील चेपॉक–तिरुवल्लिक्केणी हा तमिळनाडू विधानसभेचा 19 क्रमांकाचा मतदारसंघ हे अंतर तपासण्यास सोयीचा आहे.

नावातील दोन्ही घटकांना स्वतंत्र इतिहास आहे. तिरुवल्लिक्केणी म्हणजे ‘तिरु’, ‘अल्ली’ आणि ‘केणी’ : कुमुदांचे पवित्र तळे. येथील पार्थसारथी मंदिर वैष्णवांच्या 108 दिव्य देशांपैकी एक असून आळ्वारांनी त्याचे स्तवन केले आहे. इंग्रजांनी या नावाचे ‘ट्रिप्लिकेन’ केले. 1878 मध्ये ‘द हिंदू’ येथेच जन्मले. 1907 च्या सुरत काँग्रेसमध्ये टिळकांच्या बाजूने उभे राहिलेले सुब्रह्मण्य भारती यांचे 1921 मध्ये येथेच निधन झाले. लगतच्या किनाऱ्यावरील सभास्थानास टिळकांचेच नाव मिळाले. चेपॉक (मराठी वाचकास ते क्रिकेटमुळे अधिक परिचित) हे मात्र अर्काटच्या नवाबांचे. 1855 मध्ये नवाब निपुत्रिक वारले, तेव्हा साताऱ्याचे राज्य ज्या धोरणाने खालसा झाले त्याच धोरणाने येथील नवाबपदही संपुष्टात आले.

मतपेटीने ही दोन नावे दीर्घकाळ वेगळी ठेवली. ट्रिप्लिकेनमधून 1967 मध्ये निवडून आलेले नेडुंचेळियन 1969 मध्ये, अण्णादुराईंच्या निधनानंतर, काही दिवस हंगामी मुख्यमंत्री होते. चेपॉक मतदारसंघात 1977 पासून रहमान खान सलग तीनदा निवडून आले. तेथील मुस्लिम वस्तीशी या निवडीचा संबंध उघड आहे. 1996, 2001 आणि 2006 मध्ये मात्र चेपॉकने करुणानिधींना निवडले. मुख्यमंत्री स्वतःच प्रतिनिधी असला की मतदारसंघ त्याच्या नावाने ओळखला जाऊ लागतो; कोण कोणाचे प्रतिनिधित्व करतो, हा प्रश्न तेव्हा उलटा विचारावा लागतो. 2021 मध्ये त्यांचे नातू उदयनिधी स्टालिन येथूनच विजयी झाले.

2008 च्या पुनर्रचनेत दोन्ही नावे एका संयोगचिन्हाने जोडली गेली. ट्रिप्लिकेनचे स्वतंत्र अस्तित्व संपले, परंतु त्याच क्षणी त्याचे तमिळ रूप मतदारसंघाच्या नावात आले. हा लाभ क्षुल्लक नव्हे. त्याच पुनर्रचनेत मुंबईतील दादर मतदारसंघ नाहीसा झाला. शिवाजी पार्क आज माहीम मतदारसंघात मोडते. दादरला संयोगचिन्हही लाभले नाही. साहित्यातील दादर मात्र जागच्या जागी आहे.

पुनर्रचनेचा आदेशही संहिता म्हणून वाचण्याजोगा आहे. त्यात मंदिर नाही, मशीद नाही, तळे नाही. या मतदारसंघाची सीमा महानगरपालिकेच्या प्रभागक्रमांकांनी सांगितली आहे. पुढे 2011 मध्ये चेन्नई महानगरपालिकेचा विस्तार होऊन प्रभाग 155 वरून 200 झाले, क्रमांक बदलले. आदेशातील आकडे तेव्हापासून जुन्याच प्रभागरचनेकडे निर्देश करतात. मतदारसंघाची सीमा शोधणाऱ्यास त्यामुळे रद्द झालेला नकाशा हाताशी ठेवावा लागतो. भारतींची गल्ली शोधणाऱ्यास तो लागत नाही.