उचलीचे खाते आणि मिशनचा दवाखाना : लॅब्राडोरच्या बॅटल हार्बरची कथा

कॅनडाच्या पूर्वेला, लॅब्राडोरच्या किनाऱ्यासमोर बॅटल नावाचे एक लहानसे बेट आहे. त्यावरचे बॅटल हार्बर हे मच्छीमारांचे गाव. बेट झाडावाचून उघडे. खडक, शेवाळ आणि वारा एवढीच तिथली संपत्ती, आणि हिवाळ्यात भोवतालचा समुद्र गोठलेला. तरीही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या पूल बंदराच्या जॉन स्लेड कंपनीने इथे वखार घातली, कारण या पाण्यात कॉड मासा अमाप होता. १८७१ मध्ये ही वखार शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या बेन जॉन्स्टन कंपनीकडे गेली. दर उन्हाळ्यात न्यूफाउंडलंडहून हजारो लोक शिडाच्या जहाजांतून बायकामुलांसह लॅब्राडोरच्या मासेमारीला येत. त्यांची वर्दळ एवढी की बॅटल हार्बरला लोक लॅब्राडोरची राजधानी म्हणू लागले. या राजधानीत १८५७ पासून अँग्लिकन चर्च होते. दवाखाना मात्र नव्हता.

कॉड लिव्हर ऑइलमुळे कॉडचे नाव मराठी घरांना परके नाही, पण मासा आपल्या ताटात येत नाही. लॅब्राडोरला तो दोरीवर टांगून बोंबलासारखा सुकवत नसत. होडी धक्क्याला लागली की एकाने गळा चिरायचा, दुसऱ्याने डोके तोडून काळीज तेलाच्या पिंपात टाकायचे, तिसऱ्याने कणा काढून मासा पुस्तकासारखा उघडायचा आणि चौथ्याने मिठाचे थर द्यायचे. मग धुऊन लाकडी मांडवांवर उन्हात पसरायचा, संध्याकाळी गोळा करून रचायचा, पाऊस दिसला की धावत जाऊन झाकायचा. यातले बरेचसे काम बायकामुलांचे, आणि त्याची वेगळी मजुरी कोणी धरत नसे. मोसमाअखेरीस वखारीचा माणूस प्रतवारी करी. उत्तम माल युरोपच्या बाजाराला जाई, सर्वांत हलका ‘वेस्ट इंडिया’ या नावाने कॅरिबियन बेटांवरच्या मळ्यांतल्या मजुरांच्या पोटी. कुठला मासा कुठल्या ढिगात टाकायचा, हे ठरवणारा व्यापाऱ्याच्या पगारावर असे.

गरिबीचे मूळ या हिशेबात होते. वसंतात व्यापारी मीठ, दोर, जाळी, पीठ, काकवी आणि चहा उचल म्हणून देई. शरदात तो मासळी घेई. उचलीचा भाव त्याचा, मासळीचा भावही त्याचाच. खात्यावर बाकी राहिली की पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाण्याची सोय नाही. आयुष्यभर मासे मारूनही रोख पैसा हाती न पडलेली कुटुंबे या किनाऱ्यावर होती. मासळी कमी आली की व्यापारीही बुडत, हे खरे; पण त्यांची मुले उपाशी झोपत नसत.

या किनाऱ्यावर १८९२ च्या उन्हाळ्यात विल्फ्रेड ग्रेनफेल हा सत्तावीस वर्षांचा इंग्रज डॉक्टर आला. लंडन हॉस्पिटलमध्ये तो सर्जन सर फ्रेडरिक ट्रीव्हज यांचा विद्यार्थी होता. १८८५ मध्ये अमेरिकन प्रवचनकार ड्वाइट मूडी यांची सभा ऐकून त्याने धर्म मनावर घेतला आणि पुढे १८८१ मध्ये स्थापन झालेल्या, खोल समुद्रातल्या मच्छीमारांसाठी काम करणाऱ्या मिशनमध्ये तो दाखल झाला. या मिशनची रीत व्यवहारी होती. उत्तर समुद्रात मच्छीमारांना स्वस्त तंबाखूची लालूच दाखवून दारू विकणारी जहाजे फिरत. मिशनने आपल्या जहाजांवर त्याहून स्वस्त तंबाखू ठेवली आणि त्यांचे गिऱ्हाईक तोडले. तंबाखू विकून पुण्य जोडणारे मिशन विरळच म्हणायचे.

मिशनच्या ‘अल्बर्ट’ जहाजातून ग्रेनफेल न्यूफाउंडलंडची राजधानी सेंट जॉन्सला पोहोचला, तेव्हा शहर नुकतेच आगीत बेचिराख झाले होते. तिथून तो लॅब्राडोरला गेला. पहिल्याच दिवसांत मोडक्या होडीतल्या एका माणसाने तो ‘खरा डॉक्टर’ असल्याची खात्री करून त्याला एका खोपटात नेले. जमिनीवर खडी, कोपऱ्यात बिलगून बसलेली मुले, फळीवर न्यूमोनियाने फणफणलेला बाप आणि चमच्याने त्याला थंड पाणी पाजणारी बायको. त्या रोग्याला जहाजावर घेऊन जाणे शक्य नव्हते आणि किनाऱ्यावर रुग्णालय नव्हते. औषध आणि अन्न देऊन डॉक्टर पुढे गेला. दोन महिन्यांनी परतला तेव्हा रोगी पुरला गेला होता. त्या एका मोसमात ग्रेनफेलने सुमारे नऊशे रुग्ण तपासले.

पुढच्या वर्षी, १८९३ मध्ये, तो आणखी दोन डॉक्टर आणि दोन परिचारिका घेऊन आला आणि बॅटल हार्बरला रुग्णालय सुरू झाले. त्यासाठी घर दिले ते वखारीच्या मालकांनी. ज्यांच्या उचलीच्या खात्यांवर ग्रेनफेल पुढे तुटून पडला, त्यांच्याच वर्गाने पहिले छप्पर पुरवले होते. १८९४ मध्ये उत्तरेला इंडियन हार्बर येथे दुसरे रुग्णालय झाले. पुढे न्यूफाउंडलंड बेटाच्या उत्तर टोकावरचे सेंट अँथनी हे सगळ्या कामाचे केंद्र बनले. तिथे रुग्णालयापाठोपाठ अनाथाश्रम आणि शाळा उभी राहिली. उन्हाळ्यात रुग्णालय-बोट गावोगाव फिरे, हिवाळ्यात डॉक्टर कुत्र्यांच्या गाडीने जात.

मिशन म्हटले की धर्मांतर आठवते, पण इथे तो प्रश्नच नव्हता. बॅटल हार्बरच्या भागातले मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, कोणी अँग्लिकन, कोणी मेथडिस्ट, कोणी कॅथलिक. उत्तरेकडे इन्युइट लोकांत मोरेव्हियन मिशनरी १७७१ पासून होते. ग्रेनफेलला पंथभेदाचा कंटाळा होता, आणि पाद्र्यांना त्याचा.

रोग्यांची नोंदवही पाहताच उपचाराची मर्यादा कळे. क्षय, स्कर्व्ही, मुडदूस, बेरीबेरी ही सगळी कोंदट घराची आणि निकृष्ट अन्नाची अपत्ये. उचलीत मिळे ते पांढरे पीठ, चहा आणि काकवी. हिवाळाभर त्यावरच गुजराण. सेंट अँथनीचे अमेरिकन सर्जन डॉ. जॉन लिटल यांनी १९१२ मध्ये इथल्या बेरीबेरीचा संबंध पांढऱ्या पिठाशी जोडून दाखवला. ‘व्हिटॅमिन’ हा शब्दही त्याच वर्षी प्रचारात आला. कोंड्यासकटचे पीठ खा, असे डॉक्टरांनी सांगून भागणारे नव्हते. कुठले पीठ घ्यायचे ते वखार ठरवे.

म्हणून मिशनने दुकानदारीत हात घातला. १८९६ मध्ये रेड बे येथे सहकारी भांडार निघाले, मग आणखी काही. कल्पना अचूक होती, अंमल कच्चा. ग्रेनफेलला हिशेबाचे अंग नव्हते. भांडारे तोट्यात गेली, काही बुडाली. ताजे दूध मिळावे म्हणून १९०८ मध्ये लॅपलंडहून सामी राखणदारांसह तीनशे रेनडिअर आणले. कळप वाढला, पण शिकारीमुळे आणि दुर्लक्षामुळे दहाएक वर्षांत तो प्रयोग गुंडाळावा लागला. हस्तकला तेवढी तगली. जेसी लूथर या अमेरिकन शिक्षिकेने १९०६ पासून विणकाम आणि इतर कला शिकवल्या. गावच्या बायका जुन्या चिंध्यांपासून चटया करतच होत्या. मिशनने त्यांना नवे नमुने आणि परदेशी बाजार दिला. पुढे अमेरिकेतल्या स्त्रियांनी पाठवलेले फाटके रेशमी मोजे रंगवून त्या चटयांत ओवले जाऊ लागले. मोबदला वस्तू आणि कपड्यांच्या रूपात मिळे, पण तो बाईच्या नावावर पडे, नवऱ्याच्या उचलखात्यात नाही. या किनाऱ्यावर ही नवलाई होती.

या साऱ्याला पैसा आला तो ग्रेनफेलच्या व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून. १९०८ च्या एप्रिलमध्ये तो रोग्याकडे जाताना बर्फ फुटून समुद्रात वाहत गेला. तीन कुत्री मारून त्यांची कातडी त्याने पांघरली, त्यांच्या पायांच्या हाडांची काठी करून तिला सदरा बांधला आणि दुसऱ्या दिवशी वाचला. ही हकीकत जगभर गाजली आणि देणग्यांचा ओघ वाढला. येल, हार्वर्ड या अमेरिकन विद्यापीठांची मुले उन्हाळ्यात बिनपगारी राबायला येऊ लागली. सेंट जॉन्समध्ये मात्र कुरबुर होती : हा माणूस आपल्या लोकांची लक्तरे अमेरिकेत दाखवून भीक मागतो. आरोप अगदीच खोटा नव्हता. देणगीदाराला हळहळ वाटावी म्हणून चित्र गडद केले जाई आणि तिथल्या माणसांचे कसब झाकले जाई. व्यापाऱ्यांच्या तक्रारींवरून १९१७ मध्ये न्यूफाउंडलंड सरकारने चौकशी केली. तिचा निष्कर्ष मिशनच्या बाजूने गेला.

१९१४ मध्ये कामाचा भार इंटरनॅशनल ग्रेनफेल असोसिएशन या स्वतंत्र संस्थेकडे आला. १९२७ मध्ये ग्रेनफेलला ‘सर’ किताब मिळाला आणि १९४० मध्ये त्याचे निधन झाले. बॅटल हार्बरचे रुग्णालय १९३० मध्येच आगीत जळाले आणि मिशनने बस्तान मुख्य किनाऱ्यावर, आजच्या मेरीज हार्बरला हलवले. उचलीची पद्धत मोडली ती पुढे, आणि प्रवचनाने किंवा सहकाराने नव्हे. १९४९ मध्ये न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झाले आणि मुलांमागे मिळणारा सरकारी भत्ता रोख स्वरूपात घराघरांत पोहोचला. १९६० च्या दशकात सरकारी स्थलांतर योजनेत बेटावरची बहुतेक कुटुंबे मेरीज हार्बरला गेली. कॉड संपत आल्यामुळे १९९२ मध्ये त्याच्या मासेमारीवरच बंदी आली. वखारीच्या जुन्या इमारती दुरुस्त करून आता तिथे पर्यटक उतरतात.

१९८१ मध्ये मिशनची आरोग्यसेवा सरकारकडे गेली. सेंट अँथनीच्या रुग्णालयाला आज नाव आहे ते ग्रेनफेलचे नव्हे, १९१५ मध्ये तिथे येऊन चाळीसहून अधिक वर्षे शस्त्रक्रिया आणि जमाखर्च दोन्ही सांभाळणाऱ्या डॉ. चार्ल्स कर्टिस यांचे.