ग्रिप बदलण्याचा खर्च आणि त्यातली मजुरी

गोल्फच्या पिशवीत नियमाने जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात. अमेरिकेत हा नियम १९३८ साली आला. त्यातला पटर बाजूला ठेवायचा, कारण तो हलक्या हाताने धरतात आणि त्याची ग्रिप लवकर झिजत नाही. म्हणून ग्रिप बदलायच्या तर हिशोब १३ क्लबांचा. अमेरिकेत रबराची साधी पण उत्तम ग्रिप साधारण ७-८ डॉलरला मिळते आणि ती बसवून देण्याची मजुरी क्लबमागे ३ ते ५ डॉलर पडते. सगळे मिळून १३० ते १७० डॉलर. रबरात सुती धागा विणलेली ग्रिप घेतली, तर आकडा आणखी चढतो. हा आकडा ऐकून पुष्कळ खेळाडू ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात आणि तेच लोक ५००-६०० डॉलरचा नवा ड्रायव्हर मात्र सहज घेऊन येतात. मला हा उलटा हिशोब वाटतो.

क्लबाला आपले हात फक्त ग्रिपपाशी लागतात. घाम, त्वचेचे तेल, उन्हापासून बचावाचे मलम आणि खुद्द ऊन यांनी रबर कडक आणि गुळगुळीत होत जाते. पिशवी गाडीच्या तापलेल्या डिकीत पडून राहिली की ते आणखी लवकर होते. उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या अंगठ्याखालची जागा उजेडात धरून पाहावी. तिथे रबर चकाकत असेल किंवा खळगा पडला असेल, तर ग्रिप संपली. अशा ग्रिपवर क्लब निसटू नये म्हणून हात नकळत जास्त आवळला जातो, कोपरापासून मनगटापर्यंत ताठरपणा येतो आणि फटक्याची लय बिघडते. वर्षातून एकदा किंवा ४० फेऱ्यांनंतर ग्रिप बदलाव्यात, असे सर्वसाधारणपणे सांगतात. अधूनमधून कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश वापरून त्या धुतल्या, तर आयुष्य नक्की वाढते. त्याला खर्च शून्य.

आता मजुरीकडे वळू. क्रिकेटच्या बॅटची ग्रिप निमुळत्या शंकूवर गुंडाळून दांड्यावर सोडताना आपण सगळ्यांनी पाहिली आहे. गोल्फची ग्रिप बसवणे त्याहून नाजूक काम आहे. कारागीर क्लब रबरी पकडीत घालून वाइसमध्ये अडकवतो आणि आकड्यासारख्या पात्याने जुनी ग्रिप उभी चिरतो. दांडा ग्रॅफाइटचा असेल, तर पाते जराही खाली दाबून चालत नाही. त्यातले तंतू कापले गेले की दांडा तिथेच मोडण्याची भीती. मग जुनी टेप खरवडून काढायची. माझ्या मते सगळ्यात चिकाटीचे काम हेच, आणि गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. त्यानंतर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून तिचे टोक दांड्याच्या तोंडात दुमडायचे. ग्रिपच्या टोपीतले बारीक भोक टीने (चेंडू ठेवायच्या खुंटीने) बंद करून आत सॉल्व्हंट ओतायचे, हलवायचे आणि तेच टेपवर सोडायचे. मग ग्रिप एका दमात दांड्यावर सरकवायची. क्लबाच्या तोंडाशी तिची खूण जुळवायला थोडाच वेळ मिळतो. नंतर काही तास तिला हात लावायचा नाही, रात्रभर ठेवली तर उत्तम.

जाडीही याच वेळी ठरते. क्लब धरल्यावर डाव्या हाताच्या मधल्या बोटांची टोके तळव्याला जेमतेम टेकली, तर जाडी बरोबर. बोटे तळव्यात रुतत असतील, तर ग्रिप बारीक. मध्ये अंतर राहत असेल, तर जाड. टेपचे एक-दोन थर वाढवले की जाडी वाढते, आणि याचे पैसे काही दुकानदार वेगळे लावतात, काही लावत नाहीत. वजनाकडेही लक्ष हवे. साधी ग्रिप ५० ग्रॅमच्या आसपास असते. तिच्यापेक्षा ५ ग्रॅम जड ग्रिप घेतली, तरी क्लबाचे डोके हाताला हलके वाटू लागते.

पूर्वी दांड्यावर चामड्याच्या पट्ट्या गुंडाळत असत आणि ते काम फार कसबाचे होते. १९४९ च्या सुमारास ओहायोतल्या थॉमस फॉविक यांची रबरी ग्रिप बाजारात आली आणि हा उद्योग बदलून गेला. आजच्या ‘गोल्फ प्राइड’चे मूळ तिथे आहे. अमेरिकी गोल्फपटू अर्नोल्ड पामर मात्र नामवंत झाल्यावरही लॅट्रोब गावच्या आपल्या कार्यशाळेत क्लब स्वतःच्या हाताने दुरुस्त करत राहिले.

घरी काम करायचे तर टेप, सॉल्व्हंट, पाते आणि रबरी पकड यांवर एकदाच थोडे पैसे घालावे लागतात. मजुरीचे ४०-६० डॉलर वाचतात, म्हणून दर वर्षी ग्रिप बदलणाऱ्याला ते परवडते. सॉल्व्हंट पेट घेणारे असते, त्यामुळे खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळ गॅस नको. ग्रॅफाइटचे दांडे असतील, तर पहिल्या वेळी तरी जाणत्याकडेच जावे.

आपल्याकडे उदयन मानेसारखा पुण्याचा गोल्फपटू टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला आणि येरवडा, चेंबूर इथली मैदाने पुष्कळ मराठी घरांच्या ओळखीची झाली. मुंबईच्या दमट हवेत हात सतत ओले असतात, म्हणून तिथे धाग्याची ग्रिप अधिक कामाची. ती हाताला खरखरीत लागते, तेव्हा आधी एकाच क्लबाला लावून पाहावी.

दुकानात जाल तेव्हा दर विचारताना तीन गोष्टी एकत्र विचारा : ग्रिपच्या किमतीत बसवण्याची मजुरी धरली आहे का, जुनी टेप काढण्याचे वेगळे पडतात का आणि जाडीसाठी वाढवलेल्या थरांचे काय. बरेच दुकानदार ग्रिप त्यांच्याकडून घेतली, तर मजुरी कमी करतात किंवा माफही करतात. आणि सगळ्या १३ एकदम परवडत नसतील, तर हातात सर्वांत जास्त येणाऱ्या क्लबांपासून सुरुवात करा.