हत्ती, होडी आणि साठ टनी काटा

उरणच्या रस्त्यावर कंटेनरांच्या रांगेत अडकलात, तर हॉर्न वाजवण्याआधी कडेच्या वजनकाट्याकडे बघा. लांबलचक लोखंडी फलाट, बाजूला काचेची खोली, आत लाल आकडे. चाळीस टनांची गाडी छातीवर घेणारा हा गडी स्वभावाने मात्र पहिल्या दिवाळसणाला आलेल्या जावयासारखा. कशाने रुसेल, नेम नाही.

पावसाचंच घ्या. फलाट समजा १८ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद. त्यावर जेमतेम एक मिलिमीटर पाणी साचलं, की झाले ५४ किलो! गाडी चढायच्या आधीच एक अदृश्य प्रवासी येऊन बसलेला. म्हणून काटा रिकामा असताना आकडा शून्यावर आणायचा. जुन्या तराजूत हलक्या पारड्याला खडा बांधून दोन्ही पारडी समान करत, तो पासंग. ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतो ना आपण, तोच. काट्यावरचं ‘झिरो’चं बटण हा त्या पासंगाचा नातू. कोकणातल्या आषाढात बिचाऱ्याला दिवसभर उसंत नसते.

फलाटाच्या पोटात असतात लोडसेल, म्हणजे पोलादाचे ठोकळे. भार आला की पोलाद डोळ्यांना न दिसेल इतकं दबतं, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्याचा आकडा होतो. साठ टनी काट्यावर दहा किलोची एक पायरी चढली, की मिळणारा इशारा असतो मायक्रोव्होल्टच्या घरातला. टीव्हीच्या रिमोटमधल्या एका सेलच्या दीड व्होल्टचे पंधरा लाख तुकडे करा, त्यातला एक! मग सगळ्या लोडसेलच्या तारा जिथे एकत्र येतात त्या जंक्शन बॉक्समध्ये खारी हवा शिरली किंवा उंदराने केबल कुरतडली, की आकडे नाचणारच. खाडीकाठच्या काट्यांना स्टेनलेस स्टीलचे लोडसेल घालतात, ते काही शोभेसाठी नाही.

दहा किलोची पायरी म्हणजे फलाटावर कावळा बसला तर काट्याला पत्ता नसतो. ड्रायव्हर चहाला उतरला, तर मात्र लगेच कळतं.

कॅलिब्रेशनला, म्हणजे काटा जुळवायला, माणूस आला, की लॅपटॉप काढण्याआधी झाडू मागतो. थट्टा नाही. फलाट आणि शेजारची काँक्रीटची भिंत यांच्यातल्या फटीत खडी अडकली, की वजनातला वाटा गुपचूप भिंतीला जातो आणि आकडा कमी दिसतो. साफसफाई झाली, की काट्याला त्याची कुंडली सांगायची. क्षमता ६०,००० किलो, पायरी १०, रिकामं असताना शून्य. मग माहितीतलं वजन ठेवून ‘हे इतकं’ असं पढवायचं. खरी कसोटी कोपऱ्यांची. तेच वजन चारी कोपऱ्यांवर फिरवायचं. जो कोपरा जास्त बोलेल, त्याचा जंक्शन बॉक्समधला इवलासा स्क्रू तसूभर फिरवायचा. एक कोपरा समजूतदार झाला, की शेजारचा फुगतो. पुन्हा फेरी. एकत्र कुटुंबात वाढलेल्याला हे काम लवकर जमत असावं. शेवटी वैध मापन शास्त्र विभागाचा निरीक्षक तपासून शिक्का मारतो. दर १२ महिन्यांनी ही परीक्षा पुन्हा.

पण साठ टनांच्या खात्रीच्या वजनांचं काय? वीस-वीस किलोची ३,००० वजनं आणणार कोण? इथे एक जुनी युक्ती कामाला येते. असतील तेवढी वजनं ठेवून आकडा टिपायचा, ती उतरवायची आणि तोच आकडा येईपर्यंत गाडीत खडी भरायची. आता ही गाडीच वजन झाली. तिच्या जोडीला पुन्हा ती वजनं चढवायची, आणि असं वर वर जायचं.

ही युक्ती मराठी माणसाला नवी नाही. १६३३ साली भीमा-इंद्रायणीच्या संगमावर आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाने तुलादान केलं, तेव्हा हत्ती तोलायचा प्रश्न पडला. शहाजीराजांनी तोड सांगितली, असं परंपरा सांगते. हत्ती होडीत चढवा, पाणी कुठवर आलं तिथे खूण करा, हत्ती उतरवून खुणेपर्यंत दगड भरा आणि दगड तोला. त्या गावाचं नाव पडलं तुळापूर.

हत्तीची होडी अजून चालू आहे! धरमतरच्या खाडीत डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी खनिज आणि कोळसा घेऊन बार्ज येतात. बार्जच्या अंगावरच्या खुणांशी पाणी कुठे टेकलंय ते वाचायचं, माल उतरल्यावर पुन्हा वाचायचं आणि फरकावरून टनांचा हिशेब मांडायचा. गंमत अशी, की खारं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. पावसाळ्यात अंबा नदीचं पाणी खाडीत उतरलं, की तीच बार्ज जास्त बुडते. घनता न मोजता वाचलेल्या ३,००० टनांत ७५ टनांची थाप सहज बसते.

गुरुत्वाकर्षणही दांडी मारतं. जर्मनीत जुळवलेला काटा तसाच उचलून इथे मांडला, तर ४० टनांमागे शंभरेक किलो कमी दाखवेल. विषुववृत्ताकडे पृथ्वीची ओढ जरा सैल, म्हणून.

न्हावा-शेव्याचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, पण भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही, हा जागतिक नियम आला १ जुलै २०१६ला. तोवर कागदावर लिहिलं तेच वजन! २००७ साली इंग्लिश खाडीत ‘एमएससी नापोली’ जहाज मोडलं, तेव्हा डेकवरचे कंटेनर तोलून पाहिले. पाचातल्या एकाचं वजन कागदापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचं निघालं.

नाजूकपणात काट्यालाही मागे टाकणारी उपकरणं अलिबागला आहेत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतलं चुंबकीय काम बिघडणार होतं, म्हणून १९०४ साली ते खाडीपलीकडे अलिबागेत हलवलं. उपकरणांच्या खोल्याही लोखंड टाळून बांधल्या.

तिथून परत येताना पांढऱ्या कांद्याची माळ घ्या. विक्री माळेवर, काटा नाहीच. किती भरेल विचारलंत, तर बाई माळ तुमच्याच हातात देते. बघा उचलून.