कंपन्यांचे दान व गावची शाळा

शिवारालगत मोठा कारखाना उभा राहिला म्हणजे गावकरी त्याजकडून दोन अपेक्षा बाळगतात: तरुणांस काम व शाळेस मदत. पैकी दुसऱ्या अपेक्षेविषयी कायदा काय सांगतो आणि गावाने तिचा लाभ कोणत्या रीतीने घ्यावा, याचे विवेचन येथे करावयाचे आहे.

पूर्वी अशी मदत सर्वस्वी मालकाच्या औदार्यावर अवलंबून असे. कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम १३५ ने ती मोठ्या कंपन्यांचे कर्तव्य ठरविली व १ एप्रिल २०१४ पासून त्याचा अंमल सुरू झाला. मूळ कलमाप्रमाणे ज्या कंपनीची नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे शेकडा दोन लोकोपयोगी कामी खर्चावयाचे असतात. सरासरी नफा १० कोटी असल्यास ही रक्कम २० लाख होते. शिक्षण व ग्रामविकास ही कामे त्यात येतात. कंपनीने आपल्या परिसरास प्राधान्य द्यावे असे कलमात म्हटले आहे; परंतु ही केवळ दिशा आहे, सक्ती नव्हे, असा खुलासा केंद्र सरकारने केला आहे. तेव्हा अमुक रक्कम आमच्याच गावाची, असा हक्क सांगता येत नाही. मागणी मुद्देसूद करावी लागते.

सहकारी साखर कारखाना ही या कायद्याखालील कंपनी नव्हे. त्याने शाळेस दिलेला पैसा वस्तुतः सभासदांचाच असतो, हे ध्यानी असावे.

मागणी कोणी करावी? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने याची सोय करून ठेविली आहे. जिल्हा परिषदेच्या प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती असावी, तीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेचा विकास आराखडा तयार करणे, तसेच सरकारकडून वा अन्य मार्गाने आलेल्या पैशाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे, ही या समितीची कामे होत. आराखडा तयार नसेल, तर देणारा आपल्या सोयीची वस्तू देतो: छप्पर गळत असता भिंतींस रंग मिळतो.

आता काय मागावे? कंपनीचा नफा पिकाप्रमाणेच कमीजास्त होतो. म्हणून शिक्षकांचे वेतन, जे सरकारचे कर्तव्य आहे, अशा दानावर सोपवू नये. वर्गखोल्या, शौचालये, पाणी, ग्रंथालय ही एकवेळच्या खर्चाची कामे मागावीत. त्यांतही पुढील दुरुस्तीचा भार कोणी वाहावयाचा, हे आधीच लिहून घ्यावे. इंजिन फुकट मिळाले तरी तेलाचा खर्च चुकत नाही, हे शेतकऱ्यास सांगणे नको.

शेवटी एक सावधगिरी. शाळेस खोल्या बांधून दिल्या एवढ्यावरून ओढ्यात सोडलेल्या सांडपाण्याविषयी अथवा जमिनीच्या राहिलेल्या मोबदल्याविषयी गावाने मौन धरू नये. दान स्वीकारावे, त्याची पावती द्यावी, हिशेब ग्रामसभेत वाचावा. परंतु न्याय्य मागणी त्याच्या मोबदल्यात सोडू नये.