एस्पान्यावर गुडघाभर पाणी

मनिलात, क्वियापो चर्चच्या कडेला, क्वेझॉन बुलेव्हार्डवर, फिलकोआला जाणारी जीपनी भरते आहे. माझ्या मते ती कधीच भरली आहे; पण प्रवासी गोळा करणारा पोरगा पत्र्यावर थापा मारत अजून ओरडतोच आहे, "आणखी दोन! आणखी दोन!" समोरासमोर दोन लांब बाकं आणि एकेका बाकावर नऊ जण, असा त्याचा हिशेब. आम्ही अंग चोरून बसलेलो. तेवढ्यात सत्तरी पार केलेली एक आजी मागच्या दारातून वाकून आत येते, "सरक गं बाई जरा" म्हणते आणि नसलेल्या जागेत ऐसपैस बसते. तिच्या मनगटाला मोगऱ्याची माळ गुंडाळलेली आहे. मोगरा हे इथलं राष्ट्रीय फूल. त्याला सांपागिता म्हणतात. चर्चच्या दाराशी लहान लहान मुलं भिजत उभी राहून या माळा विकतात. काही देवापुढे जातात, काही ड्रायव्हरच्या आरशावर. आमच्या आरशावर तीन लटकताहेत. दोन सुकून तपकिरी झालेल्या.

दुपारचे चार वाजलेत आणि आभाळ काळंकुट्ट आहे. जीपनीच्या खिडक्यांना काचा नसतात. वर गुंडाळलेले प्लास्टिकचे पडदे आम्हीच सोडून घेतो. आत लगेच उबट वास सुटतो: ओले केस, डिझेल, कुणाच्या तरी पिशवीतली सुकी मासळी. रेडिओवर होसे मारी चान नाताळची गाणी गातोय. सप्टेंबर चालू आहे, पण इथे १ सप्टेंबरला नाताळ सुरू होतो आणि चार महिने चालतो. फुटपाथवर चांदणीच्या आकाराचे पारोल कंदील टांगून झालेत. आपल्याकडे गणपती जेमतेम उठलेले असतात, तेव्हा मनिलात येशूच्या जन्माची तयारी सुरू होते.

गाडी सुटते आणि पैसे चालू लागतात. जीपनीला कंडक्टर नसतो. मी तेरा पेसोंची नाणी पुढे करते, "बायाद पो," म्हणजे भाडं घ्या. समोरचा कॉलेजचा मुलगा मोबाइलवरची नजर न काढता ती घेतो, त्याच्याकडून पांढऱ्या गणवेशातली नर्स घेते, तिच्याकडून ड्रायव्हरमागे बसलेला गृहस्थ, आणि शेवटी मागे न वळता पसरलेला ड्रायव्हरचा तळवा. "एक, कुठपर्यंत?" "वेलकम रोटोंडा." त्याचा डावा हात स्टिअरिंगवर आहे, उजवा गिअर आणि सुट्टे पैसे यांच्यात वाटलेला. उभ्या घड्या घातलेल्या नोटा बोटांच्या बेचक्यांत रंगाप्रमाणे लावलेल्या: वीसच्या नारिंगी, पन्नासच्या लाल, शंभरच्या जांभळ्या. भर रहदारीत तो अठरा जणांचा हिशेब डोक्यात ठेवतो. एकही नाणं वाटेत गहाळ होत नाही, आणि त्याचं कुणाला नवलही वाटत नाही.

"कुठली गं तू?" आजी विचारते. इथे अनोळखी म्हातारीलाही लोला, म्हणजे आजीच, म्हणायचं आणि ड्रायव्हरला कुया, म्हणजे दादा.

"भारतातली, लोला. मुंबईची."

"नवरा पाच-सहावाला का?"

सगळी गाडी हसते. पाच उसने द्यायचे आणि सहा वसूल करायचे, हा मोटरसायकलवरून फिरणाऱ्या पंजाबी सावकारांचा इथला जुना धंदा. बँक ज्यांना दारात उभं करत नाही, त्या भाजीवाल्या आणि मासळीवाल्या त्यांच्याच पैशावर रोजचा माल भरतात. मी म्हणते, "नवरा नाही, व्याजही नाही. ऑफिसात नोकरी करते." लोलाला माझी थोडी कीव आल्यासारखी दिसते.

लेर्माचं वळण घेऊन गाडी एस्पान्या बुलेव्हार्डला लागते आणि लगेच थबकते. पुढे लाल दिव्यांची रांग. पाणी अजून फुटपाथच्या कडेपर्यंतच आहे, पण सगळ्यांना पुढचं ठाऊक आहे. सांपालोकचा हा भाग सखल. इथलं पाणी एस्तेरोंमधून, म्हणजे नाल्यांमधून, पासिग नदीत जायचं. नदीला भरतीचं पाणी चढलं की जाणार कुठे? परळच्या हिंदमाता चौकात वाढलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

"पूर्वी असं नव्हतं," लोला सुरू करते. "आव्हेनिदाला सिनेमाला जायचो आम्ही. गाऊन घालून. थिएटरात एवढं थंडगार, की शाल न्यावी लागायची. मग वरून एलआरटी रेल्वेचा पूल आला आणि रस्त्यावरचं आभाळच गेलं. आणि जीपनी म्हणाल तर साराओची! पुढे घोडे असे चमकायचे!"

घोडे आमच्याही गाडीच्या बॉनेटवर आहेत, दोन, ॲल्युमिनियमचे, एकाचं शेपूट तुटलेलं. युद्धानंतर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेल्या जीपगाड्या लांबवून इथल्या कारागिरांनी जीपनी घडवली. १९५३ मध्ये लास पिन्यासला साराओ कारखाना काढणारे लिओनार्दो साराओ आधी टांगा हाकत असत. म्हणून टांग्याचा घोडा मोटारीवर येऊन बसला.

"तेव्हा शिस्त होती," लोला म्हणते. "रात्री रस्ते शांत."

"संचारबंदी होती म्हणून शांत, लोला," समोरचा मुलगा आता मोबाइल खाली ठेवतो. त्याच्या गळ्यात सांतो तोमास विद्यापीठाचं ओळखपत्र आहे. "मार्शल लॉ होता. आपल्याच सरकारने नंतर कायदा करून ११,१०३ लोकांना त्या काळातले पीडित म्हणून मान्यता दिली. माझे एक काका-आजोबा आहेत त्यात."

बोलणं संपतं. पावसाचा आवाज मोठा होतो. २०२२ मध्ये मार्शल लॉ पुकारणाऱ्या त्याच हुकूमशहाचा मुलगा तीन कोटींहून अधिक मतं घेऊन राष्ट्राध्यक्ष झाला, त्यात लोलाचंही मत असावं, असा माझा अंदाज. पण ती भांडत नाही. मनगटावरची माळ सारखी करते आणि म्हणते, "माझा नवरा त्याच वर्षांत सौदीला गेला. अकरा वर्षं. धाकटीचं बारसं त्याने फोटोत पाहिलं."

मला चढताना गाडीच्या अंगावर वाचलेलं आठवतं. मेरी मातेच्या चित्राखाली, भडक पिवळ्या अक्षरांत: कातास नाङ सौदी. सौदीच्या घामाची कमाई. अशा कितीतरी जीपनी या शहरात धावल्या. परदेशी कामगार पाठवण्याला सरकारी धोरण म्हणून बैठक मिळाली ती १९७४ च्या कामगार संहितेने. लोलाच्या आठवणीतला सोन्याचा काळ आणि घरची कर्ती माणसं पहिल्यांदा विमानात चढली तो काळ, दोन्ही एकच. ते दोन्ही तिच्या बोलण्यात शेजारी शेजारी बसतात, एकमेकांना धक्का न लावता. मनिऑर्डरवर चाललेल्या कोकणातल्या घरांत वाढलेल्यांना हे ओळखीचं वाटेल: गाव सुंदर होतं, फक्त त्यात पुरुष नव्हते.

इथे आता बायकाही नाहीत. नर्सच्या मांडीवर जाडजूड पुस्तक आहे, पानांना रंगीत चिठ्ठ्या लावलेलं. अमेरिकेतल्या परवान्याच्या परीक्षेचं. आई हाँगकाँगला घरकामाला आहे, असं ती सांगते. "तिने मला नर्स केलं. मी गेले की ती परत येईल." एकीने यायचं तर दुसरीने जायचं. २०२४ मध्ये परदेशी राहणाऱ्या फिलिपिनोंनी बँकांमार्फत ३४ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवली. मॉलमधल्या झगमगाटामागे तो पैसा असतो. नर्सची ड्यूटी सकाळी सहाला सुरू झाली होती, आणि तिच्या वॉर्डात सध्या लेप्टोचे पेशंट आहेत. "पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांना दाखवा हं," ती गाडीतल्या सगळ्यांना उद्देशून म्हणते.

पाणी आता चाकाच्या निम्म्यावर आलंय. दुकानदार उंबऱ्यावर फळ्या लावताहेत, त्या सफाईवरून हे काम रोजच्यातलं दिसतं. चपला हातात घेतलेल्या शाळकरी मुली एकमेकींना धरून रांगेने चालल्यात. दोघं जण सायकलरिक्षा ढकलत येतात, त्यात फाइल डोक्यावर धरलेला कारकून उकिडवा बसलाय. पन्नास पेसोंत पैलतीर. मागच्या पायरीला पाणी लागतं आणि त्याबरोबर शाम्पूची रिकामी पुडी आत तरंगत येते. मग कॉफीची. मग व्हिनेगरची. इथला गरीब माणूस बाटली विकत घेत नाही. कोपऱ्यावरच्या सारी-सारी दुकानातून एका दिवसापुरती पुडी घेतो. २०१९ च्या एका अहवालात अशा पुड्यांचा अंदाज दिवसाला १६ कोटींच्या वर होता.

"हेच गटारं तुंबवतं," ड्रायव्हरमागचा गृहस्थ म्हणतो. "लोकांनाच शिस्त नाही."

ड्रायव्हर पहिल्यांदा मागे वळतो. "पुडी माझी, मान्य. पण बंधारा कुणी खाल्ला?"

आता मात्र सगळेच बोलू लागतात. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनीच यादी जाहीर केली आहे: जुलै २०२२ पासून पूरनियंत्रणाची साडेनऊ हजारांहून अधिक कामं, किंमत ५४५ अब्ज पेसो, आणि त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा फक्त १५ कंत्राटदारांच्या पदरात. बुलाकान प्रांतात तर कागदावर पूर्ण झालेली भिंत नदीकाठी जाऊन पाहिली तेव्हा तिथे नव्हतीच. याच एस्पान्याचं पाणी वळवायला ब्लुमेंट्रिट रस्त्याखालून मोठी वाहिनी टाकून झाली आहे. आम्ही त्या रस्त्याच्या अलीकडेच उभे आहोत, गुडघाभर पाण्यात.

ड्रायव्हरचं गणित वेगळंच आहे. गाडी त्याची नाही. मालकाला रोजची ठरलेली रक्कम, बाउंडरी, द्यायची, डिझेल भरायचं, उरेल ते घरी. आज बाउंडरीही सुटणार नाही. त्यात २०१७ पासून सरकार जुन्या जीपनी काढून नव्या आणायला सांगतंय. नवी गाडी वीस लाख पेसोंच्या पुढे, म्हणून एकट्यादुकट्याने सहकारी संस्थेत सामील व्हायचं. जुन्या इंजिनाचा काळा धूर मीही रोज गिळते. घोड्यांच्या कौतुकात तो विसरून चालणार नाही. पण धूर घालवायचा तर कर्ज या माणसाने काढायचं, आणि पूर घालवायचा तर चिकाटी या माणसाने दाखवायची, हे कुठलं वाटप?

चिकाटीवरून आठवलं. २६ सप्टेंबर २००९ ला ओंदॉय वादळाने मनिलावर २४ तासांत ४५५ मिलिमीटर पाऊस ओतला. तेव्हापासून दर पुरानंतर टीव्हीवर कमरेइतक्या पाण्यात हसणारी माणसं दाखवतात आणि फिलिपिनोंच्या चिवटपणाची आरती होते. आमच्याकडे २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. दुसऱ्या दिवसापासून मुंबईचं स्पिरिट. मी त्या रात्री अनोळखी घरात पोहे खाल्लेत, त्यामुळे ते स्पिरिट खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. आताही माझं नाणं चार अनोळखी हातांतून गेलं, ते खोटं नाही. पण माणसं एकमेकांना धरून राहतात, ती एकमेकांसाठी. त्याची पावती तिसऱ्यानेच फाडायची आणि आपली कामं टाळायची, हा प्रकार दोन्ही शहरांत चालतो. कौतुकाला निविदा काढावी लागत नाही.

"आम्हांला चिवट म्हणू नका," मुलगा म्हणतो. "गटार द्या." त्याच्या पायांशी पॉलिथिनमध्ये गुंडाळलेला पुठ्ठा आहे. रविवारी, २१ सप्टेंबरला, लुनेता मैदानावर मोर्चा आहे. १९७२ च्या मार्शल लॉच्या हुकुमाची तीच तारीख. पुठ्ठ्यावर काय लिहिलंय ते तो दाखवत नाही. "अजून रंग ओला आहे."

इंजिन घरघरतं, रांग हलते. ड्रायव्हर पहिल्या गिअरवर, पाय न उचलता, गाडी पाण्यातून काढतो. थांबला तर सायलेन्सरमध्ये पाणी शिरेल. ब्लुमेंट्रिट ओलांडल्यावर रस्ता चढू लागतो. वेलकम रोटोंडाशी पाणी नाही. मी छताच्या दांडीवर नाणं वाजवते, "पारा पो!" म्हणजे थांबवा. लोलालाही इथेच उतरायचं आहे, पण ती उठत नाही. हात पुढे करते.

"पोरा, माझे अडीच पेसो."

ज्येष्ठांना भाड्यात २० टक्के सवलत कायद्याने आहे. तिने तेरा दिले होते.

"लोला, आज तरी सोडा," ड्रायव्हर म्हणतो. "पुरातून काढली गाडी."

"काढलीस, देव तुझं भलं करो. माझे अडीच पेसो?"

मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागतात. ड्रायव्हर पुटपुटत सुट्ट्यांच्या डब्यात बोटं घालतो. मुलगा हसून म्हणतो, "लोला, त्या ५४५ अब्जांचा हिशेबही असाच मागा की. रविवारी या लुनेताला."

लोला त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. "बघू. आधी याच्याकडून तर वसूल करू दे."