समुद्र तिकडे तापतो, ताप इकडे येतो

पावसाळ्याच्या तोंडावर बातम्यांत ‘एल निनो’ हा शब्द दिसू लागला, तरी वसई-विरारकर तो फारसा मनावर घेत नाहीत. दुष्काळ पडलाच तर मराठवाड्यात; इथले रस्ते दरवर्षी पाण्याखाली जातातच, असा अनुभव. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे.

प्रशांत महासागरावर पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे पृष्ठभागावरचे कोमट पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. दोन ते सात वर्षांतून एकदा हे वारे मंदावतात आणि कोमट पाणी पुन्हा पूर्वेकडे पसरते. महासागराच्या मध्य व पूर्व भागाचे तापमान सरासरीपेक्षा किमान अर्ध्या अंशाने वाढते आणि काही महिने तसेच राहते. हाच एल निनो. पेरू देशातल्या कोळ्यांना नाताळच्या सुमारास पाणी कोमट झालेले आणि मासळी आटलेली दिसे, म्हणून त्यांनी त्याला बाळ येशूचे नाव दिले.

या बदलाने पावसाचे ढगही पूर्वेकडे सरकतात आणि आपला मान्सून दुबळा होण्याची शक्यता वाढते. शक्यताच, खात्री नव्हे. १९९७ चा एल निनो अतिशय तीव्र होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००९ मध्ये मात्र तो सुमारे २२ टक्के कमी पडला. हिंदी महासागराचे तापमानही आपला वाटा उचलते.

२०२३ चे उदाहरण ताजे आहे. त्या वर्षी देशात मान्सून सरासरीच्या ९४ टक्के झाला. आकडा काही वाईट नाही. पण जुलैत कोकणाला झोडपणाऱ्या पावसाने ऑगस्टमध्ये दडी मारली. १९०१ पासूनच्या नोंदींत देशासाठी तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. भाताला पाणी हवे असते, नेमक्या त्याच दिवसांत ही उघडीप. त्याच महिन्यात केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. पाऊस घाटावर रुसला, तरी त्याची झळ वसईच्या बाजारात भाजी घेणाऱ्यालाही बसते.

आता आरोग्याचे. पाऊस कमी म्हणजे डास कमी, हा समज डेंग्यूच्या बाबतीत फसवा आहे. पाऊस लांबला किंवा नळाला पाणी एक दिवसाआड आले, की चाळीत आणि इमारतीत पिंप, टाक्या, बादल्या भरून ठेवल्या जातात. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, अशा साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. हवा उष्ण व दमट असेल, तर डासाच्या शरीरातला विषाणूही लवकर तयार होतो. त्यामुळे उघडिपीतही तापाचे रुग्ण वाढू शकतात.

उपाय स्वस्त आहे. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. भांडी रिकामी करून आतून घासावीत, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. जी टाकी रिकामी करता येत नाही तिला घट्ट झाकण किंवा जाळी बसवावी.

ताप आल्यास पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ द्यावेत. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन टाळावे; त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ताप उतरला म्हणजे सुटलो, असे समजू नये. डेंग्यूत खरा धोका अनेकदा त्यानंतरच्या दोन दिवसांत असतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, कमी लघवी किंवा ग्लानी यांपैकी काहीही दिसले, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

प्रशांत महासागर थंड करणे कुणाच्या हाती नाही. दारातले पिंप मात्र आहे.