फडका आत जातो, मागोमाग हात

रसवंतीवर ऊस चरकात ढकलावा लागत नाही. टोक लागलं की चरक तो स्वतःच ओढून घेतो. छापखान्यातले, रबर कारखान्यातले जोड-रूळही असेच आतल्या बाजूला फिरतात. घर्षणामुळे जे चिकटेल ते फटीकडे खेचलं जातं. फट अरुंद होत जाते, दाब वाढतो, पकड आणखी घट्ट होते.

मग या फटीत हात सापडण्याचे अपघात बहुतेकदा सफाईच्या वेळीच का होतात? कारण एरवी फटीपुढे जाळी असते. पुसण्यासाठी ती काढतात. रूळ सगळीकडून पुसला जावा म्हणून तो फिरता ठेवतात. फडक्याचा एक धागा अडकला तरी पुरतं. धोका जाणवून हात मागे घ्यायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. रुळाचा पृष्ठभाग सेकंदाला एक मीटर सरकत असेल, तर तेवढ्यात 25 सेंटीमीटर आत जातं, म्हणजे अख्खा पंजा.

नुसतं बटण बंद करणंही पुरेसं नाही. जड रूळ गतीमुळे काही काळ फिरतच राहतो, हवेच्या सिलिंडरमध्ये दाब उरतो आणि पलीकडचा कोणी नकळत बटण दाबू शकतो. म्हणून मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावायचं, उरलेला दाब सोडायचा, यंत्र सुरू होत नाही ना हे बटण दाबून पाहायचं आणि मगच हात घालायचा. अमेरिकेत 1989 साली असा नियम झाला. चौघे काम करत असतील तर कुलुपंही चार, आणि ज्याची किल्ली त्याच्याच खिशात.